आधी स्टेजवर बसा, मग चेक फाडा

पत्र : मी मूळचा फलटणचा. डेअरी टेक्नॉलॉजी शिकलो आणि गेली काही वर्षं युगांडातल्या म्बरारा शहरात दुधाच्या कारखान्यात नोकरी करतोय. बायको-मुलगी गावी आहेत. आमच्या डिस्पॅच विभागात माझ्या हाताखाली २७ वर्षांचा एक स्थानिक मुलगा आहे. अतिशय हुशार, कष्टाळू, हिशोबाला पक्का. त्याला म्बरारात बोडा-बोडाचं, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीचं अ‍ॅप काढायचंय. कंपालात सेफबोडा, उबर, बोल्ट चालतात, मग आपल्या शहराचं स्वतःचं अ‍ॅप का नको, असं तो म्हणतो. त्यानं माझ्याकडे १२ लाख रुपये मागितलेत आणि २५ टक्के हिस्सा देऊ केलाय. त्यातले सात लाख अ‍ॅपला (माझ्या मेहुण्याची हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनी आहे, तो करून देईल), तीन लाख हेल्मेट, जॅकेट आणि जाहिरातीला, दोन लाख इतर खर्चाला. बायको नको म्हणते. वडील म्हणतात, तिकडच्या पोरांवर विश्वास ठेवू नकोस. मला मुलगा आवडतो, पण पैसे घामाचे आहेत. खरं सांगायचं तर तुम्ही नको म्हणालात तर त्याला नाही सांगणं मला सोपं जाईल.

उत्तर : ते शेवटचं काम मी करणार नाही. नाही म्हणायचं असेल तर तुमचं तुम्ही म्हणा, माझ्या नावावर नको. पण पत्र पुन्हा वाचलं आणि मला वाटलं, तुम्हाला 'नाही' म्हणायचंच नाहीये. तुम्हाला हवाय तो हिशोब. तर तो मांडू.

आधी वडिलांचा मुद्दा निकालात काढतो, कारण त्यावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही. केनियात एम-पेसा मार्च २००७ मध्ये सुरू झालं. आपण भाजीवाल्याला फोनवरून पैसे द्यायला लागलो त्याच्या कितीतरी आधी नैरोबीचा भाजीवाला ते घेत होता. लागोसमध्ये २०२० साली दोन नायजेरियन तरुणांनी मूव्ह नावाची कंपनी काढली. ज्या ड्रायव्हरला बँक दारात उभं करत नाही त्याला ती गाडी देते आणि हप्ता त्याच्या कमाईतून वळता करून घेते. ही कंपनी २०२२ मध्ये मुंबईत आली. म्हणजे लागोसचं डोकं वापरून मुंबईत गाड्या फिरताहेत. वडिलांना हे सांगा. आणि तसंही, २७ वर्षांच्या पोरावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न फलटणलाही तितकाच अवघड असतो.

सेफबोडाची सुरुवात कशी झाली हेही तुमच्या मित्राला, म्हणजे त्या डिस्पॅचमधल्या मुलाला, ठाऊक असेल. २०१४ साली कंपालात ती सुरू करणाऱ्या तिघांपैकी एक, रिकी रापा थॉमसन, स्वतः बोडा चालवायचा. नारिंगी हेल्मेट, नारिंगी जॅकेट, मागे बसणाऱ्यासाठी दुसरं हेल्मेट, रायडरला वाहतुकीचं आणि प्रथमोपचाराचं शिक्षण. गिऱ्हाइकाला अ‍ॅप दिसतं, पण कंपालातल्या बाईमाणसानं त्या गाडीवर बसायला सुरुवात केली ती नारिंगी हेल्मेट पाहून. आधी रस्त्यावर माणसं उभी राहिली, मग फोनमध्ये बटण आलं.

तुमच्या मित्राच्या आराखड्यात हा क्रम उलटा झालाय. बारातले सात लाख बटणाला.

आता म्बरारा घ्या. तुम्ही तिथे राहता, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण एक प्रयोग करा. उद्या सकाळी हाय स्ट्रीटवर उभे राहा आणि हात वर करा. किती सेकंदांत बोडा येतो? कंपालात अ‍ॅपनं तीन दुखणी बरी केली: अनोळखी रायडरची भीती, भाड्याची घासाघीस आणि 'नेमकं कुठे यायचं' हा गोंधळ. म्बरारा २०२० च्या जुलैमध्ये 'सिटी' झालं असलं, तरी अजून ते ओळखीपाळखीचं गाव आहे. भाडं साधारण सगळ्यांना माहीत असतं. बहुतेकांच्या फोनमध्ये 'आपल्या' बोडावाल्याचा नंबर असतो. मग माणूस डेटा खर्च करून, ठिपका हलताना बघत का बसेल? बरं, एकदा अ‍ॅपवरून भेट झाली की दुसऱ्यांदा रायडर आणि गिऱ्हाईक एकमेकांना थेट फोन करणार. तुमचं कमिशन तिथेच बुडालं. मोठ्या शहरात तोच रायडर पुन्हा भेटायची शक्यता कमी, म्हणून ही गळती सोसता येते. लहान शहरात ती जीवघेणी ठरते.

याचा अर्थ तिथे धंदा नाही असा नाही. धंदा आहे, पण तो दिवसाच्या गर्दीत नाही. रात्री अकरा वाजता रिजनल रेफरल हॉस्पिटलमधून ड्यूटी संपवून निघणारी नर्स ओळखीच्या, नोंद असलेल्या, हेल्मेट देणाऱ्या रायडरसाठी पाचशे शिलिंग जास्त द्यायला तयार होईल. विद्यापीठाची मुलं, त्यातही मुली, संध्याकाळनंतर काकोबा भागाकडे जाताना तेच करतील. दुकानदाराला औषधं, सुटे भाग पोचवायचे असतात. आणि तुमचा स्वतःचा कारखाना! रात्रपाळीची माणसं घरी कशी जातात? एखाद्या संस्थेनं महिन्याला एकरकमी बिल दिलं तर त्यात गळती नाही, घासाघीस नाही, जाहिरात नाही. तुमचा मित्र डिस्पॅचमध्ये काम करतो. कोणती गाडी, कोणता माल, किती वाजता, हे त्याच्या बोटांवर आहे. त्याची खरी ताकद ती आहे आणि ती त्याच्या आराखड्यात कुठेच दिसत नाही.

आता मी जिथे सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे ती गोष्ट: रायडरचा खिसा.

बोडावाला कुठेही उभा राहत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. त्याची एक स्टेज, म्हणजे ठरलेला थांबा, असते. तिथे एक चेअरमन असतो, नव्या माणसाला आत यायला पैसे भरावे लागतात, नियम असतात, दंड असतात, कुणाचा अपघात झाला तर वर्गणी निघते. आपल्याकडच्या रिक्षा स्टँडवर जसा बाहेरच्या रिक्षावाल्याला कुणी भाडं घेऊ देत नाही, अगदी तसंच. अ‍ॅप म्हणजे या व्यवस्थेत बाहेरून आलेला माणूस. चेअरमनला विचारल्याशिवाय त्याच्या स्टेजवर तुमचं जॅकेट घालून कुणी उभा राहिला तर पहिल्या आठवड्यात ते जॅकेट फाटेल. कंपालातही सुरुवातीला अ‍ॅपच्या रायडरांना स्टेजवाल्यांचा त्रास सोसावा लागला होता.

आता रायडरचा दिवस बघा. आकडे मी धरून चालतोय, तुम्ही स्टेजवर बसून खरे भरा. समजा दिवसभरात ३५,००० शिलिंग गल्ला झाला. युगांडात पेट्रोल लिटरला पाच हजारांच्या आसपास, म्हणजे दोनेक लिटरचे १०,००० गेले. गाडी बहुधा त्याची नसतेच. (स्टेजवर उभ्या गाड्यांच्या टाकीवरचं नाव वाचलंत का? त्यातल्या कितीतरी आपल्या पुण्याच्या बजाजच्या बॉक्सर असतात.) एक तर मालकाला रोजचं भाडं किंवा कर्जाचा आठवड्याचा हप्ता, दिवसाला धरा १०,०००. जेवण, चहा, एअरटाइम (फोनचा रिचार्ज) ३,०००. उरले १२,०००. यावर घर, मुलांची फी आणि गावाकडे पाठवायचे पैसे.

आता त्याच्या अर्ध्या फेऱ्या तुमच्या अ‍ॅपवरून झाल्या आणि तुम्ही १५ टक्के घेतलेत, तर साडेसतरा हजारांवर २,६०० च्या वर शिलिंग गेले. तुम्हाला ते पंधरा टक्के दिसतात. त्याला दिसतं की हातात राहणाऱ्या बारा हजारांतला पाचवा हिस्सा गेला. आणि या फेऱ्या त्याला तुमच्याशिवायही मिळणारच होत्या, तर तो तुम्हाला का देईल? फुकटच्या कूपनचे दिवस असेपर्यंत राहील, मग अ‍ॅप काढून टाकेल. तेव्हा तुमच्या मित्राला एकच प्रश्न विचारा: 'रायडरला आज न मिळणाऱ्या किती फेऱ्या तू रोज देशील?' उत्तर 'दोन' असं आलं आणि ते खरं असेल, तर धंदा उभा राहू शकतो. उत्तर 'मार्केट खूप मोठं आहे' असं आलं तर चहा प्या आणि विषय बदला.

तुमच्या बाजूचा हिशोब याहून छोटा आहे. दोन हजार शिलिंगांची फेरी, १५ टक्के म्हणजे तीनशे शिलिंग. एका रुपयाला साधारण चाळीस-पंचेचाळीस शिलिंग धरले तर सात रुपये. चाळीस रायडर, प्रत्येकी रोज आठ फेऱ्या, महिन्याचे २६ दिवस: पंचवीस लाख शिलिंगांच्या जरा आत, म्हणजे साठेक हजार रुपये. त्यातून फोनवर बसणारी दोन माणसं, नकाशाचे आणि एसएमएसचे पैसे, मोबाइल मनीचे चार्जेस, फुटलेली हेल्मेट, सवलती. काय उरलं? मित्रानं तुम्हाला बारा लाखांत २५ टक्के दिलेत, म्हणजे कंपनीची किंमत त्यानं ४८ लाख लावलीय, आणि अजून एक फेरीसुद्धा झालेली नाही. तो फसवत नाहीये. कुठेतरी वाचलेले आकडे त्यानं उचललेत. पण तुम्ही दुधाच्या धंद्यातले आहात, फॅट तपासल्याशिवाय दुधाचा भाव ठरवत नाही.

कमिशनचं अजून एक त्रांगडं आहे. भाडं रोखीत दिलं की पैसे रायडरच्या खिशात, मग तुमचे तीनशे कसे वसूल करणार? चालणारा मार्ग म्हणजे रायडरनं आधी मोबाइल मनीवरून थोडी रक्कम भरून ठेवायची, फेरीगणिक ती कमी होत जाते. किंवा कमिशन सोडून रोजची ठरावीक फी घ्यायची. बंगळुरूत नम्मा यात्रीनं रिक्षावाल्यांसाठी हेच केलं: दिवसाची फी द्या, भाडं सगळं तुमचं. म्बरारात मला हा दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण थेट फोन करून होणाऱ्या फेऱ्यांचा मग कुणालाच त्रास नाही.

सरकारचं काय, तर या धंद्यात सरकारला गृहीत धरणारा बुडतो. लागोस राज्यानं जानेवारी २०२० अखेरीस घोषणा केली आणि १ फेब्रुवारीपासून शहराच्या मोठ्या भागात ओकाडा, म्हणजे त्यांच्याकडच्या बाइक टॅक्सी, बंद. गोकाडा, ओराइड, मॅक्स या कंपन्यांकडे परदेशी भांडवल होतं, तरी एका आठवड्यात त्यांच्या पायाखालची जमीन गेली. गोकाडा सामान पोचवण्याकडे वळली. टांझानियात नियामकानं कमिशनवर १५ टक्क्यांची मर्यादा घातली तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये उबरनं तिथली सेवा थांबवली. मर्यादा पुन्हा वाढल्यावर ती परतली. केनियानं त्याच वर्षी १८ टक्क्यांची रेघ ओढली. आणि आफ्रिकेकडे बोट दाखवायचं कारण नाही: पुण्यात रॅपिडोला जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बजावल्यावर सेवा थांबवावी लागली आणि महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं बाइक टॅक्सीला मंजुरी दिली ती एप्रिल २०२५ मध्ये, तीही फक्त इलेक्ट्रिक गाड्यांना.

युगांडाचेच दोन दाखले तर तुम्हाला ताजे असतील. कोविडमध्ये मार्च २०२० पासून बोडावर माणूस बसवायला बंदी होती, ती जुलैअखेर उठली. तोवर फक्त सामान. त्या काळात सेफबोडा किराणा पोचवत होती. आणि जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत देशभर इंटरनेट काही दिवस बंद. त्या दिवसांत निव्वळ अ‍ॅपवर चालणाऱ्या धंद्याचं काय झालं असेल, याचा विचार करा. साध्या फोनवरून फेरी नोंदवता येईल अशी सोय हवीच. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, असला तरी डेटा नाही, त्या गिऱ्हाइकासाठीही ती लागणारच आहे.

मग करायचं काय? अ‍ॅप सध्या नाही. मेहुण्याला नम्रपणे थांबायला सांगा. आणि हे मी खर्चापुरतं म्हणत नाही. अ‍ॅप बिघडलं तर तुम्ही मेहुण्यावर ओरडणार की मित्रावर, आणि दिवाळीला फलटणला एकत्र जेवायला कसे बसणार? या धंद्याला लागणारं तयार सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्यानं मिळतं. ज्या दिवशी फोन उचलून उचलून माणूस थकेल त्या दिवशी ते घ्या.

तोवर तीन महिने असं चालवा: दोन स्टेज, त्यांचे दोन्ही चेअरमन सोबत, वीस-पंचवीस निवडक रायडर. परमिट, विमा तपासलेले. एक फोन नंबर, एक व्हॉट्सअ‍ॅप, एक वही. फक्त संध्याकाळी सहा ते मध्यरात्र, शिवाय एखादं हॉस्पिटल किंवा हॉस्टेल ठरलेल्या दरानं. प्रत्येकाकडे दोन हेल्मेट, आणि गिऱ्हाइकाच्या हेल्मेटखाली घालायची पातळ टोपी. हसू नका, दुसऱ्याच्या घामाचं हेल्मेट डोक्यावर चढवायला लोक तयार नसतात, आणि वेण्या घातलेल्या बाईला तर तो त्रासच असतो. अपघात झाला तर पहिला फोन कुणाला, हॉस्पिटलचे पैसे कोण भरणार, हे सुरू करण्याआधीच लिहून काढा. तुमच्या मित्राच्या 'इतर खर्च' या दोन लाखांत हे सगळं कोंबलेलं दिसतं. माझ्या मते खरा खर्च तोच आहे.

या तीन महिन्यांना दोन-अडीच लाख रुपये पुरावेत. ते द्या, पण गेले तर गेले अशा हिशोबानं द्या. मुलीच्या शिक्षणाचे, गावच्या घराचे पैसे वेगळे ठेवा आणि हे बायकोला आकड्यासकट सांगा. ती नको म्हणते ते बहुधा बारा लाखांना. आणि देताना कर्ज म्हणून देऊ नका. तुम्ही त्याचे साहेब आहात. साहेबानं दिलेलं कर्ज दर सोमवारी ऑफिसात दोघांच्या मध्ये येऊन बसतं. तीन महिन्यांनी धंदा चालला तर ही रक्कम त्या वेळच्या किमतीनं हिश्श्यात बदलायची, नाही चालला तर सोडून द्यायची, एवढं एका कागदावर सह्यांसकट.

हिस्सा घ्यायचा झाला तर दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे जाऊ नका. धंदा त्याचा राहू द्या, नाव त्याचं, चेहरा त्याचा. युगांडात भारतीय मालक आणि स्थानिक राबणारे या चित्राला मोठा, कडवट इतिहास आहे. १९७२ साली इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देशाबाहेर काढलं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. स्टेजच्या चेअरमनला 'हे मुझुंग्यांचं किंवा मुहिंदीचं (गोऱ्यांचं किंवा भारतीयाचं) अ‍ॅप आहे' असं वाटलं की बोलणी संपली. तुम्ही मागे राहून दर शनिवारी वही तपासा. तुमचा उपयोग तिथे जास्त आहे.

दोन कागदी गोष्टी झटपट. तुमचं वर्क परमिट नोकरीसाठी आहे. कंपनीत भागधारक होणं आणि तिच्यात काम करणं यात फरक असतो, त्यामुळे सही करण्याआधी म्बरारातल्या वकिलाला विचारा. कंपनीची नोंदणी मित्राच्या नावानं कंपालाच्या रजिस्ट्रेशन सर्व्हिसेस ब्युरोत होईल, ते अवघड नाही. दुसरं, तुमच्या कारखान्याला रात्रपाळीची सेवा विकायची असेल तर व्यवस्थापनाला आधी लेखी कळवा की यात तुमचे पैसे आहेत, आणि तो निर्णय ज्या टेबलावर होईल त्या टेबलावर तुम्ही बसू नका. नंतर कळलं तर दोघांच्याही नोकऱ्या जातील.

राहिला प्रश्न, तो मुलगा हे ऐकून नाराज होईल का. होईल थोडा. बारा लाख आणि अ‍ॅपचं स्वप्न घेऊन आलेल्या माणसाला वही आणि दोन स्टेज म्हणजे पाणउतारा वाटू शकतो. त्याला हे पत्र इंग्रजीत समजावून सांगा, रायडरचा हिशोब तर कागदावर मांडून दाखवा, आणि मग त्याला तो खोडून काढू द्या. त्यानं स्टेजवर जाऊन खरे आकडे आणले आणि माझे चुकीचे ठरवले, तर फारच उत्तम. न जाता वाद घातला, तर तुमचे अडीच लाखही खिशातच राहू द्या.

तीन महिन्यांनी जमलं तर पुन्हा लिहा. पत्रात एकूण फेऱ्या नकोत. पहिल्या महिन्यातले किती रायडर तिसऱ्या महिन्यात टिकले आणि किती गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांदा फोन केला, एवढे दोनच आकडे कळवा. उरलेल्या साडेनऊ लाखांचं त्यानंतर बोलू.